रुबाबदारांची दोरी

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, माणसाचं नाव ही एक संपूर्णपणे निरुपयोगी वस्तू आहे. बारशाच्या दिवशी आत्यानं कानाशी लागून जे काही सांगितलं असेल, ते रद्द समजावं. पाळण्याचा, घुगऱ्यांचा आणि आत्याच्या साडीचा खर्च परत मिळणार नाही. याबद्दल कुणाची तक्रार असल्यास ती धुळ्याच्या नानांकडे करायची होती. नाना आता नाहीत, त्यामुळे तक्रारीची मुदतही संपली.

नाना फोटोग्राफर होते. मी धुळ्याला विमा कचेरीत कारकून म्हणून लागलो तेव्हा त्यांच्या स्टुडिओच्या वरची खोली भाड्यानं घेतली होती. जळगावचा माणूस धुळ्यात राहायला गेला की त्याला दोन गोष्टींची सवय करावी लागते. एक, धुळ्याच्या उन्हाची. दुसरी, धुळ्याचं ऊन जळगावपेक्षा सौम्य आहे हे धुळेकरांकडून रोज ऐकण्याची. मी संध्याकाळी कचेरीतून आलो की जिना चढण्याऐवजी स्टुडिओतच टेकायचो. वर पत्रा होता, खाली नाना होते. दोन्ही तापायचे, पण नाना करमणूक करायचे.

स्टुडिओच्या पाटीवर काहीतरी नाव होतं. ते कुणी वाचलं नाही, नानांनीही नसावं. आत एक रंगवलेला पडदा. त्यावर तलाव, तलावात हंस आणि मागे बर्फाचे डोंगर. खानदेशातल्या दोन पिढ्या त्या बर्फापुढे घाम पुसत बसल्या. आणि खुंटीला स्टुडिओचा काळा कोट. समोरून पाहिलात तर कोट अगदी विलायती. मागून पाहिलात तर कोट नव्हताच. पाठीला उभा फाडलेला, कडेला बंद लावलेले. बारीक गिऱ्हाईक असलं की बंद आवळायचे, जाडं असलं की सोडायचे. टाय इलॅस्टिकचा. शेतावरून धोतरात आलेला माणूस कमरेपासून वर तासाभरासाठी बॅरिस्टर व्हायचा आणि कमरेपासून खाली नाना त्याचा फोटोच काढायचे नाहीत.

नानांचा कॅमेरा लाकडी, तिकाटण्यावरचा. ते काळ्या कपड्याखाली शिरले की काचेवर त्यांना समोरचा माणूस उलटा दिसायचा, डोकं खाली, टाय वर. बाकीच्या फोटोग्राफरांना यात अडचण वाटायची. नानांना यात शास्त्र दिसायचं. म्हणायचे, "सुलटा माणूस काय, तो दाखवतो तेवढाच दिसतो. उलटा केला की जे आहे ते लोंबायला लागतं." आणि मग कपड्याखालून पुटपुटल्याचा आवाज यायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, मंत्र म्हणतात. ते मंत्र नव्हते. नाना त्या माणसाला शब्द लावत होते.

हे शब्द म्हणजे नानांचं आयुष्यभराचं काम. प्रत्येक निगेटिव्हचं एक पाकीट, पाकिटावर तीन शब्द. गाव, कपडा, आणि तिसरा 'खुणेचा'. नाव नाही, नंबर नाही. मग प्रत्येक शब्दाची एक जाड दोरी, कपाटाच्या वर ठोकलेल्या खिळ्यांना टांगलेली. पाकीट कपाटात गेलं की तीन चिठ्ठ्या तीन दोऱ्यांत ओवल्या जायच्या, प्रत्येक चिठ्ठीवर पाकिटाचा कप्पा. पारोळ्याची दोरी, पिंपळनेरची दोरी, 'नऊवारी'ची दोरी, 'पुढे आलेले दात'ची दोरी. स्टुडिओत शिरलं की उजव्या हाताला हा सगळा पडदा झुलत असायचा. नवीन गिऱ्हाईक त्याला हात लावून विचारायचं, "नाना, नवस बोलायचा का इथे?"

"बोला की," नाना म्हणायचे. "सापडतं, हीच आमची प्रसिद्धी."

आणि सापडायचं, हे कबूल करायला हवं. त्या काळात खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ माणसांचा जन्मात एकच फोटो निघायचा. लग्न ठरताना, नाहीतर बँकेला हवा म्हणून, नाहीतर कापूस विकायला धुळ्यात आलोच आहोत तर, म्हणून. घरातली प्रत उंदीर, पाऊस आणि नातवंडं मिळून संपवायचे. मग तो माणूस जायचा, आणि गंधमुक्तीच्या, म्हणजे दिवसकार्याच्या, आधी घरचे धावत नानांकडे. मोठा करून, काच लावून, हाराला जागा सोडून फोटो पाहिजे. नानांनी निगेटिव्ह शोधून दिली, तर त्या माणसाला भिंतीवर चेहरा मिळणार. नाही दिली, तर तो नुसता सातबाऱ्यावर उरणार.

पण शोधून घेण्याची नानांची रीत काही शोकसभेला साजेशी नव्हती.

पिंपळनेरच्या एक बाई भावाच्या फोटोसाठी आल्या होत्या. डोळ्याला पदर. "आमना भाऊ देव माणूस व्हता, नाना."

"देव माणसांची दोरी नाही माझ्याकडे," नाना म्हणाले. "दात कसे होते?"

"दात?"

"दात, कान, नाक, भिवया. वेगळं काय होतं ते सांगा. चांगलं काय होतं ते गंधमुक्तीला सांगा."

बाईंनी पदर डोळ्यावरून खाली घेतला. मग म्हणाल्या, "फोटोमा त्याना हातमा कोंबडा व्हता."

नाना उठले, पडद्यात हात घातला आणि एकच चिठ्ठी असलेली दोरी बाहेर ओढली. 'कोंबडा'. कुठल्याशा झुंजीत जिंकलेला कोंबडा घेऊन एक तरुण बाजारातून थेट स्टुडिओत आला होता आणि "दोन्हीसना काढा" म्हणाला होता. बाई फोटो बघून रडल्या, मग हसल्या, मग कोंबड्याच्या आठवणीनं पुन्हा रडल्या. त्या गेल्यावर नाना दोन्ही कानांवरच्या दोन पेन्सिली काढून पुसत बसले. एक पेन्सिल अणकुचीदार, टचिंगची. तिनं ते माणसाला सुंदर करायचे. दुसरी बोथट, शब्दांची. तिनं ते त्याचा हिशेब चुकता करायचे.

ही सगळी व्यवस्था त्यांच्या मुलाला, विनोदला, मान्य नव्हती. विनोद बी.कॉम. होता, आणि बी.कॉम. झालेल्या माणसाला जगात नंबर नसलेली वस्तू दिसली की अंगावर काटा येतो.

"नाना, नाव लिहा, नंबर टाका. जगभर तसंच करतात."

"नाव!" नाना पेन्सिल नाचवत म्हणाले. "आग्रा रोडवर उभा राहून 'पाटील' अशी हाक मार. रस्ता बंद पडेल. 'कान मोठे' अशी हाक मार, एकच माणूस वळेल आणि तोच तुला पाहिजे असेल."

"एखाद दिवस चुकेल."

"चुकेल?" नाना उभे राहिले. मोठ्या गोष्टी बोलताना ते उभे राहायचे. मला वाटतं, कॅमेऱ्यामागची सवय. "ज्या दिवशी माझ्या शब्दानं चुकीचा माणूस दिला, त्या दिवशी हे कपाट तुझं. दोऱ्या तोड, नंबर लाव, वाटलं तर स्वतःच्या बापालाही नंबर दे. हा भाडेकरू साक्षीला."

साक्षीला मी होतो. माझा फोटो काढला तेव्हा मोठ्या आशेनं मी माझा शब्द विचारला होता. 'भाडेकरू' हाच होता.

आता, शब्द गुपित होते तोवर सगळं ठीक चाललं. ते फुटलं एका मुख्याध्यापकांमुळे. गावातल्या एका शाळेचे हे मुख्याध्यापक शिस्तीसाठी प्रसिद्ध. शाळेच्या भिंतीभिंतीवर व्यसनांविरुद्ध सुविचार. त्यांचा सत्कार ठरला म्हणून फोटोच्या प्रती घ्यायला ते स्वतः आले, आणि नानांनी सवयीनं आत आवाज दिला, "विनोद, 'गालात सुपारी' काढ!"

फोटोत खरोखरच होती. डावा गाल टम्म. नानांची टचिंगची पेन्सिलही तिथे हरली होती. मुख्याध्यापकांचा चेहरा लाल झाला, पण ते काही बोलेनात. बराच वेळ बोलेनात. मग ते बाहेर गेले, गटारापाशी वाकले, तोंड मोकळं करून परत आले आणि म्हणाले, "कुणाच्या गालात सुपारी?"

दुसऱ्या दिवसापासून धुळं रांगेत उभं राहिलं. माझा शब्द काय, माझ्या बायकोचा काय, आणि खालच्या आवाजात, शेजाऱ्याचा काय. विनोदनं दोरी ओढून शब्द वाचून दाखवायचा आणि लोकांनी संतापायचं, असा खेळ आठवडाभर चालला. 'उसनं हसू' निघाला तो एक वकील. 'फुगलेले जावई' निघाले त्यांना सासऱ्यांनी कोपरखळी मारून सांगितलं, "पहा, फोटोग्राफरलाबी कळलं." मधल्या गल्लीतल्या दोन सख्ख्या जावा एकाच 'नाक मुरडलेलं'च्या दोरीवर निघाल्या आणि एकमेकींना म्हणाल्या, "तुझ्यामुळे माझंबी तसंच लिहिलं." पण मनात कुठेतरी प्रत्येकाला पटलेलं होतं, म्हणूनच राग जास्त.

शेवटी मुख्याध्यापकांनी निरोप धाडला: शब्द बदला, नाहीतर शाळेचे वर्गफोटो दुसरीकडे. नाना कुणाला भीक घालणारे नव्हते. पण काकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, जेवायला वाढताना एकच वाक्य टाकलं. "माझाही शब्द असेल ना हो एखादा?"

नाना ताटावरून उठले. काय होता कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी बोथट पेन्सिल आणि खोडरबर घेऊन ते कपाटापुढे बसले आणि त्यांनी खानदेशाची सुधारणा सुरू केली.

'गालात सुपारी' खोडलं, 'रुबाबदार' लिहिलं. 'उसनं हसू' गेलं, 'हसतमुख' आलं. 'बसकं नाक': रुबाबदार. 'सुपासारखे कान': रुबाबदार. 'डोळा बारीक': रुबाबदार, आणि ज्याचे दोन्ही बारीक होते तो 'अत्यंत रुबाबदार'. बायकांमध्ये 'सालस' आणि 'सात्त्विक' या दोनच जाती उरल्या. जुन्या दोऱ्या खिळ्यांवरून उतरल्या आणि नव्या दोऱ्या लांब होऊ लागल्या. 'रुबाबदार'ची दोरी पंधरवड्यात जमिनीला टेकली, मग तिचं वेटोळं झालं, मग काकू झाडताना त्या वेटोळ्याला वळसा घालू लागल्या.

गाव खूष. इतकं खूष की आता मागण्या सुरू झाल्या. मुलींचे बाप येऊन सांगू लागले, "नाना, 'गृहकृत्यदक्ष' लिहा."

"फोटोत पोळ्या लाटत होती का?"

"लाटते हो घरी!"

लिहायचे. एकदा वाकलेल्या माणसानं किती वाकायचं, हे तो नाही, समोरचे ठरवतात.

या सगळ्यात खरी दूरदृष्टी दाखवली शांतिलालशेठनी. शेठ कापडाचे व्यापारी, घराणं मूळचं राजस्थानातलं, स्वभावानं गोड आणि घाईत कधीच नसलेले. त्यांनी शांतपणे चौकशी केली, "नानासाहेब, शब्द तीनच का?"

"रीत आहे."

"दुकानात माल एकाच फळीवर ठेवला तर गिऱ्हाइकाला दिसेल का? सगळ्या फळ्यांवर थोडा थोडा ठेवावा. तुम्ही आपलं मला सगळ्या चांगल्या दोऱ्यांत ओवा."

आणि त्यांनी स्वतः सांगून लिहून घेतलं: रुबाबदार, दानशूर, धर्मप्रेमी, मितभाषी, सुस्वभावी, प्रसन्न, सालस, सात्त्विक, गृहकृत्यदक्ष. पाकिटावर जागा संपली तेव्हा ते मागच्या बाजूला वळले. परिणाम असा झाला की, स्टुडिओत कुणीही कुणाचाही चांगला फोटो शोधायला आलं की पहिली चिठ्ठी शेठची निघायची. शिरपूरकडचे एक लग्न जुळवणारे गृहस्थ 'सालस, गृहकृत्यदक्ष' मुलीचा फोटो मागायला आले. नानांनी दोन दोऱ्या जुळवल्या, पाकीट काढलं, निगेटिव्ह उजेडासमोर धरली. शेठ. मिशांसकट.

गृहस्थ नीट पाहून म्हणाले, "स्थळ चांगलं आहे, पण मुलाकडची मंडळी जुन्या विचारांची आहेत."

माझा भाचा आता संगणकावर फोटो चढवतो आणि प्रत्येक फोटोखाली शब्दांची माळ लावतो. त्याला टॅग म्हणतात, असं त्यानं मला समजावून सांगितलं. जणू मी काल जन्मलो. सुंदर, सुरेख, अप्रतिम, झकास. फोटो त्याच्या चपलेचा होता. मी म्हटलं, बाळा, तुझा शोध शांतिलालशेठनी लावलाय.

विनोद या दिवसांत नुसता पाहत होता. नाना दोऱ्यांत हात घालून पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभे राहतात, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. माझ्याही आलं होतं. पूर्वी हात घातला की चिठ्ठी बोटाला लागायची. आता ते दोरी ओढत राहायचे आणि दोरी येतच राहायची.

आणि मग पारोळ्याचा भास्कर आला.

त्याचे वडील उत्तमराव वय होऊन गेले होते. घरी फोटो नव्हता. तरुणपणी एकदा धुळ्याला नानांकडे काढला होता, एवढं आईला ठाऊक, म्हणून तो आलेला. दु:खात होता, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"काय घातलं होतं?" नानांनी विचारलं.

"काया कोट व्हता म्हने."

कोट तर सगळ्यांनीच घातला होता. "आणि दिसायला?"

"मना बाप भलता रुबाबदार व्हता, नाना."

पूर्वीचे नाना असते तर म्हणाले असते, दात सांग. पण सुधारलेल्या नानांनी मुकाट्यानं पारोळ्याची दोरी ओढली, काळ्या कोटाची ओढली आणि शेवटी ते वेटोळं उलगडायला घेतलं. मी आणि विनोद दोन टोकं धरून उभे. तिन्ही दोऱ्या जुळवून पाकिटं निघाली दोन. दोन्हींवर तेच गाव, तोच कोट, तोच रुबाब. दोघे एकाच दिवशी येऊन एकाच कोटात एकामागून एक बसलेले असणार. नानांनी दोन्ही निगेटिव्ह खिडकीसमोर धरल्या. पांढरे कोट, काळे चेहरे, दोन तरुण. पाकिटावरची खोडाखोड बोटानं चाचपून पाहिली. खाली काय लिहिलं होतं ते रबरानं इमानदारीनं पुसलं होतं.

नानांनी भास्करकडे पाहिलं. मग न राहवून त्यांनी विचारलंच, "नाक कसं होतं रे तुझ्या बापाचं?"

भास्कर ताडकन उभा राहिला. "नाना, बाप मरेल शे मना, आन तुम्ही नाक काय इचारी ऱ्हायनात?"

"तसं नाही, बेटा..."

"मी रुबाबदार सांगं ना!"

विनोद नानांच्या कानाशी पुटपुटला, "दोघांतला एक आहे. निम्मे मार्क तरी पक्के." नाना त्याच्याकडे पाहीनात. त्यांनी दोन्हींच्या छोट्या प्रती काढून भास्करपुढे ठेवल्या. पण भास्करला काय कळणार? त्यानं बाप पाहिला तो टक्कल पडल्यावरचा, गाल बसल्यावरचा. इथे विशीतले दोन तुकतुकीत बॅरिस्टर, त्यात नानांच्या टचिंगनं दोघांनाही सारखीच मिशी दिलेली. त्यानं बराच वेळ पाहून एकावर बोट ठेवलं. जो जास्त ताठ बसला होता त्याच्यावर. नानांनी तो मोठा केला, काच बसवली, आणि भास्कर तो घोंगडीत गुंडाळून छातीशी धरून पारोळ्याच्या गाडीत बसला.

त्यानंतर नाना जेवेनात. "फोटो दुसऱ्याचा असेल तर, गेलेल्या माणसाचा हार कायम भिंतीवर दुसऱ्यानं घालून घ्यायचा," ते मला म्हणाले. "आणि त्याला स्वतःला कुठे जागाच नाही." कपाट जाईल याचं भय होतंच, पण ते त्यांनी तोंडानं काढलं नाही. आणि गंधमुक्तीच्या दिवशी, बोलावणं नसताना, ते सकाळीच पारोळ्याला निघाले. मला बरोबर घेतलं. विनोद स्वतःहून आला. बापाबद्दल इतका जिव्हाळा मी त्याच्यात कधी पाहिला नव्हता.

अंगणात मांडव, मांडवात खुर्ची, खुर्चीवर फोटो. हार, उदबत्त्या, पुढे ताटलीत फुलं. आम्ही कडेला सतरंजीवर बसलो. नाना फोटोकडे पाहत नव्हते, फोटोकडे पाहणाऱ्यांकडे पाहत होते. एकेक पाहुणा यायचा, फुलं वाहायचा, आणि नाना सतरंजीवर थोडे पुढे सरकायचे.

"हुबेहूब!" एक जण म्हणाला.

"जसाना तसा," दुसरा म्हणाला. "आते बोली उठतीन असं वाटस."

तिसऱ्यानं तर नानांना ओळखून पाठीवर थाप मारली. "नाना, जीव टाकात तुम्ही फोटोमा!"

विनोदचा चेहरा उतरला. नानांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा चहा मागितला, आणि तो यायच्या आत भावराव आबा आले.

भावराव आबा म्हणजे उत्तमरावांचे लहानपणापासूनचे दोस्त, शेजारच्या गल्लीतले. जळगावला मेहरूणमध्ये लेकीकडे राहायला गेलेले, बातमी उशिरा कळली, तसेच गाडीतून उतरून काठी टेकत आले. लोकांनी वाट करून दिली. आबा फोटोपुढे वाकले, फुलं उचलली, वर पाहिलं आणि हात तिथेच थांबला. खिशातून चष्मा काढला. पुसला. लावला.

"हाऊ त मी शे!"

मग एकानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आबा, जिवना दोस्त गया. असं वाटसच."

"वाटस काय रे! शे! मी शे हाऊ! आम्ही दोन्ही गयतूत धुळाले, एकच कोट दोन्हीसना आंगमा!"

"त्या कोटमा बठ्ठाच असा दिसतस, आबा."

"कान दख!" आबांनी टोपी मागे सारली आणि फोटोशेजारी डोकं नेऊन लावलं. "हाऊ कान दख. आते हाऊ दख."

लोकांनी पाहिलं. एकदा हा, एकदा तो. पन्नासेक वर्षांत बाकी सगळा माणूस वाळला होता, कान तेवढे भक्कम होते. काचेतून सूप, काचेबाहेर सूप.

"बठ्ठा हप्ता मनी पूजा चालू शे, आन माले पत्ता नही!" आबा खाली बसले. "तरीच तठे जळगावले आंगमा कणकण व्हती मना!"

"पहिले हार काढा!" कुणी जाणत्यानं हुकूम सोडला. "जित्ता माणूसना गळामा हार!" एकानं घाईघाईनं हार काढला, आणि तो कुठे ठेवावा हे न कळून हातात धरून आबांकडे पाहत राहिला.

"मनाकडे काय दखस!" आबा काठी उगारून मागे सरकले.

भास्कर नानांकडे वळला. आता सगळा मांडव नानांकडे पाहत होता. ज्यांनी हुबेहूब म्हटलं होतं ते जास्त रागानं पाहत होते. नाना उठले. मी त्यांना इतक्या वर्षांत पुष्कळदा उभं राहिलेलं पाहिलं होतं, पण बोलण्याआधी हात जोडलेले कधी पाहिले नव्हते.

"चूक माझी," ते म्हणाले. "दुसरं पाकीट माझ्याकडे आहे. ते तुझे वडील. उद्या घेऊन येतो." मग मागे न पाहता, "विनोद, कपाट तुझं."

विनोदला आनंद व्हायला हवा होता. तो खाली सतरंजीकडे पाहत राहिला.

भास्करला कुणावर तरी ओरडायचं होतं, पण हात जोडलेल्या म्हाताऱ्यावर ओरडता येईना. तो घराच्या दाराकडे वळला. दारात बायकांच्या मध्ये त्याची आई, गोदाअक्का, उंबऱ्याशी बसलेल्या. फोटो आल्यापासून त्या तिथून हलल्या नव्हत्या. समोर रोज तोच फोटो.

"माय!" भास्कर रडवेला होऊन म्हणाला. "आम्ही त पोऱ्हे. पन तू त वळखीस ना! इतला दिन समोर बठेल शे, तुलेबी समजनं नही का?"

गोदाअक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. एकदा खुर्चीवरच्या फोटोकडे पाहिलं, एकदा आबांकडे. आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"समजनं ना! पहिलाच दिनले समजनं. पन म्हनं, ऱ्हाऊ द्या. तुना बापपेक्षा बरा दिसस!"